गळतीचा शोध

घरांतला नळ गळूं लागला म्हणजे त्याचा आवाज रात्रीं ऐकूं येतो. दिवसाहि तोच थेंब पडत असतो. पण स्वयंपाकघरांतली गडबड, मुलांचा गोंगाट आणि रस्त्यावरची रहदारी यांत तो बुडून जातो. तरीहि हा नळ दिसतो, थेंब दिसतो, खालची ओली फरशी दिसते. म्हणून त्याचा बंदोबस्त लवकर होतो. परंतु जी गळती भिंतीच्या आंत पुरलेल्या नळांत होत असते तिचें काय? तिचा पत्ता लागतो तो बिल हातांत पडल्यावर, किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला ओल आल्यावर. आज मी आपल्याशीं बोलणार आहें तें अशाच एका भिंतीआडच्या गळतीविषयीं. मात्र ही गळती पाण्याची नव्हे, संगणकाच्या मेमरीची आहे.

आपण म्हणाल, "हा यंत्रज्ञांचा प्रांत, आम्हां संसारी माणसांचा त्याच्याशीं काय संबंध?" संबंध आहे, आणि तो रोजचा आहे. विजेचें बिल भरतांना, रेल्वेचें तिकीट काढतांना, बँकेंतून पैसे पाठवितांना किंवा रक्ततपासणीचा अहवाल मागवितांना आपण नकळत कोणत्या तरी सर्व्हरचें दार ठोठावीत असतों. सर्व्हर म्हणजे दूर कोठें तरी अहोरात्र जागा असलेला, येईल त्याच्या मागणीला उत्तर देणारा संगणक. तो थकला तर दार उघडत नाहीं. आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाची निकड किती आहे, हें त्याला कळत नाहीं.

ही निकड केवढी असूं शकते याचें एक उदाहरण सांगतों. १९९२ सालीं लंडन शहराच्या रुग्णवाहिका-सेवेनें आपल्या गाड्या पाठविण्याचें काम संगणकाकडे सोंपविलें. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिल्याच मोठ्या परीक्षेंत त्या व्यवस्थेची फजिती झाली. तिचीं कारणें निराळीं होतीं व तीं पुष्कळ होतीं. पण पुढें ४ नोव्हेंबरला, रात्रीं दोन वाजून गेल्यावर, तो संगणक प्रथम मंदावला आणि मग पार ठप्प झाला. बंद करून पुन्हां सुरू केल्यानेंहि काम भागेना. शेवटीं कर्मचाऱ्यांनीं कागद, पेन्सिल आणि टेलिफोन हातीं घेऊन गाड्या धाडल्या. पुढें १९९३ सालीं चौकशी-समितीचा अहवाल आला, त्यांत या दुसऱ्या घटनेचें कारण एका लहानशा चुकीवर येऊन ठेपलें होतें. सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं कांहीं दुरुस्ती करतांना एका प्रोग्रॅमरच्या हातून आज्ञावलीचा एक तुकडा आंत राहून गेला होता. गाडी धाडण्याचा हुकूम निघाला कीं तो तुकडा थोडीशी मेमरी घेई, आणि परत देत नसे. एका हुकुमाला थोडीशी. असे हुकूम तीन आठवडे, रात्रंदिवस. थेंबाथेंबानें तळें सांचतें तसेंच थेंबाथेंबानें तें आटतेंहि.

आतां ही मेमरी घेणें आणि परत देणें म्हणजे काय, तें समजून घेऊं. आपल्याकडे लग्नघरीं भाड्यानें भांडीं आणतात. पातेलीं, परातीं, घंगाळीं मोजून घ्यावयाचीं, वापरावयाचीं आणि कार्य उरकलें कीं मोजून परत करावयाचीं. संगणकांतली मेमरी ही अशीच भाड्याच्या भांड्यांसारखी आहे. प्रत्येक प्रोग्रॅम काम करतांना मागणी करतो, "मला इतकी जागा हवी." ती त्याला मिळते. काम झालें कीं त्यानें ती परत करावी, असा शिष्टाचार आहे. एकाद्या प्रोग्रॅमला परत करण्याचा विसर पडला, तरी आपल्या घरच्या संगणकावर फारसें बिघडत नाहीं. कारण आपण संध्याकाळीं तो प्रोग्रॅम बंद करतों. बंद होतांच भांडेवाला स्वतः येऊन आपलीं सर्व भांडीं उचलून नेतो. विसरभोळेपणा त्या दिवसापुरता झाकला जातो.

सर्व्हरचें तसें नाहीं. सर्व्हर हें कधींहि न संपणारें लग्नघर आहे. पंगती उठत असतात, नव्या बसत असतात. भांडेवाल्याला आंत शिरून मोजदाद करण्याची संधीच मिळत नाहीं. अशा घरांत दर पंगतीमागें एकच वाटी कोनाड्यांत राहूं लागली तर काय होईल याचा हिशेब करून पाहा. समजा, एका मागणीमागें फक्त एक किलोबाइट मेमरी परत यावयाची राहते. सेकंदाला दहा मागण्या येतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला ८,६४,००० किलोबाइट, अर्थात् सुमारें ८४४ मेगाबाइट गेले. सर्व्हरपाशीं चार गिगाबाइट मोकळी जागा असली तरी पांच दिवस पुरे होण्याच्या आंत तिचा तळ दिसूं लागतो. आणि पहिल्या दिवशीं कोणाच्या कांहींहि लक्षांत आलेलें नसतें.

ही गळती दोन जातींची असते. पहिली जात जुन्या सी भाषेंतली. तेथें जागा घेणें आणि सोडणें दोन्ही प्रोग्रॅमरनेंच करावयाचें असतें. घेतलेल्या जागेचा पत्ता त्याच्या हातून हरवला, कीं ती जागा ना त्याच्या उपयोगाची, ना दुसऱ्याच्या. पुरून ठेवलेल्या आणि जागा विसरलेल्या हंड्याप्रमाणें ती पडून राहते. हा त्रास चुकावा म्हणून १९५९ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प या भाषेसाठीं एक युक्ति काढली. प्रोग्रॅममधून ज्या वस्तूपर्यंत कोणत्याहि वाटेनें पोंचतां येत नाहीं, ती वस्तु निरुपयोगी समजून यंत्रानेंच झाडून टाकावी. पुढें जावासारख्या भाषांनीं हीच युक्ति घराघरांत नेली. या झाडूवाल्यामुळें पहिल्या जातीची गळती तेथें जवळजवळ नाहींशी झाली.

परंतु दुसरी जात शिल्लक राहिली, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. झाडूवाला एकच गोष्ट पाहतो: या वस्तूला कोणी धरून ठेवलें आहे काय? "हिची कोणाला गरज आहे काय?" हा प्रश्न त्याला विचारतां येत नाहीं. आपल्या माळ्यावर मोडकी खुर्ची, जुन्या वह्या, झांकण नसलेले डबे वर्षानुवर्षें पडलेले असतात. ते हरवलेले नसतात, त्यांवर कोणा तरी वडीलधाऱ्यांचा हात असतो, "राहूं द्या, लागेल कधीं." म्हणून मोलकरीण त्यांना हात लावीत नाहीं. ही दुसरी गळती अशी माळ्यासारखी आहे. येथें यंत्र विसरत नाहीं. उलट, तें विसरावयास हवें तें विसरत नाहीं, हाच त्याचा रोग.

आतां प्लग-इनकडे येऊं. मोठा सर्व्हर एकाच हातानें घडलेला क्वचितच असतो. मूळ सर्व्हर एकाचा. त्याला जोडलेला निरोप धाडण्याचा भाग दुसऱ्याचा, नोंदी ठेवण्याचा तिसऱ्याचा, चित्रें दाखविण्याचा चौथ्याचा. या जोडभागांना प्लग-इन म्हणतात. ते मूळ घरांतच बिऱ्हाड करून राहतात. त्यांची मेमरी आणि घराची मेमरी यांचें मीटर बहुधा एकच असतें. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेंच दिसतें कीं घराचें बिल वाढलें. कोणत्या बिऱ्हाडांतला नळ गळतो तें मीटरवर लिहिलेलें नसतें. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडकरू शपथेवर सांगतो कीं माझा नळ घट्ट आहे. आणि पुष्कळदां तो खरेंच बोलत असतो!

जुन्या कारागिरांनीं या अडचणीवर कांहीं सुरेख उपाय योजले आहेत. १९९५ सालीं जन्मास आलेल्या अपाची या प्रसिद्ध वेब-सर्व्हरचें उदाहरण घ्या. त्यांत येणाऱ्या प्रत्येक मागणीसाठीं मेमरीचा एक स्वतंत्र सांठा उघडला जातो. त्या मागणीचें काम करतांना जोडभागांना जी जागा लागेल ती त्यांनीं त्या सांठ्यांतून घ्यावी. उत्तर गेलें कीं सबंध सांठाच मोकळा केला जातो. पंगत उठल्यावर प्रत्येकाची पत्रावळ निराळी मोजीत कोणी बसत नाहीं, सगळ्या एकदम उचलल्या जातात, तसें हें आहे. तरीहि कोणी जोडभाग या सांठ्याबाहेरून जागा घेऊन बसेल, ही शंका त्या कारागिरांच्या मनांत होतीच. म्हणून काम करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला ठराविक मागण्यांनंतर निवृत्त करून तिच्या जागीं नवी आणण्याची सोय त्यांनीं ठेवली. निवृत्तीबरोबर तिनें दडविलेलें सर्व कांहीं परत येतें. हें औषध चांगलें; पण तें लक्षणावरचें आहे, रोगावरचें नव्हे. हा भेद मला कसा कळला ती हकीकत आतां सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका मोठ्या रुग्णालयानें मला बोलावून घेतलें. त्यांचा सर्व्हर जावा भाषेंतला होता आणि त्यावर बारा प्लग-इन होते. दिवाळीची सुटी संपून बाह्यरुग्ण-विभाग उघडल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशीं, ऐन गर्दींत, दुपारीं बाराच्या सुमारास तो बंद पडला. बंद पडण्यापूर्वीं तासभर तो इतका मंद झाला होता कीं एक अहवाल उघडावयास पांच पांच मिनिटें लागत. शस्त्रक्रियागृहांत एका रुग्णाच्या रक्ताचा अहवाल हवा होता. प्रयोगशाळेचा मनुष्य तो हातानें लिहून, जिने उतरून घेऊन गेला, म्हणून निभावलें. चौकशी झाली. रात्रपाळीवरचा एक तरुण रोज पहाटे तीन वाजतां सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करीत असे, असें निघालें. तो दिवाळीला गांवीं गेला होता आणि त्याच्या बदलीच्या माणसाला हें व्रत ठाऊक नव्हतें. झालें, त्या तरुणाला "कारणें दाखवा" म्हणून नोटीस गेली. त्यानें काम लिहून ठेवलें नाहीं, म्हणून हा प्रसंग ओढवला, असें सर्वांचें मत पडलें.

मी त्याला भेटलों तेव्हां तो बावरलेला होता. "साहेब, हें मला कोणी शिकविलें नाहीं," तो म्हणाला. "एकदां बंद पडला, तेव्हां पुन्हां सुरू केला, बरा चालला. मग मीं रोजच करूं लागलों." बोलतां बोलतां त्यानें पिशवींतून एक दोनशें पानी वही काढली. गेल्या आठ महिन्यांत प्रत्येक पहाटे, सर्व्हर बंद करण्यापूर्वीं मेमरीचा आंकडा किती होता, तो त्यानें तारीखवार लिहून ठेवला होता. कोणी सांगितलें नव्हतें. "मला पाहावेंसें वाटे," एवढेंच त्याचें उत्तर.

श्रोतेहो, त्या वहीनें आमचें अर्धें काम केलें. सुरू झाल्यावर सर्व्हर सुमारें ८०० मेगाबाइट घेई. वहींत एरवींच्या दिवशीं पहाटेचा आंकडा ३,००० च्या आसपास होता. पण रविवार लोटून सोमवार उजाडतांना तोच आंकडा १,२०० ते १,३०० वर थांबलेला. गळती नुसत्या काळाबरोबर वाढत असती तर तिला रविवार काय आणि सोमवार काय, दोन्ही सारखेच. ज्या अर्थीं बाह्यरुग्ण-विभाग बंद असतांना ती मंदावत होती, त्या अर्थीं ती माणसांच्या येण्याजाण्याशीं बांधलेली होती. सर्व्हरला दिलेली मर्यादा ४,००० मेगाबाइटची. एक दिवस पुन्हां सुरू करणें चुकलें तर दुसऱ्या दिवशीं मध्यान्हींच ती ओलांडली जावी, हा हिशेबहि तंतोतंत जुळत होता.

तरी पण उतावीळ होऊन चालत नाहीं. मेमरीचा आंकडा वाढला म्हणजे गळती आहेच असें नव्हे. जावाचा झाडूवाला सारखा झाडीत नाहीं. कचरा पुरेसा सांचूं देतो आणि मग एकदम झाडतो. त्यामुळें मेमरीचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: चढला, पडला, चढला, पडला. नवशिका मनुष्य दात्यांचीं टोकें पाहून घाबरतो. पाहावयाचीं असतात तीं टोकें नव्हेत, तर दात्यांचीं बुडें. संपूर्ण झाडलोट झाल्यानंतर जें उरतें तें खरें सामान. घरांतील सगळे नळ बंद करून मग पाण्याचें मीटर पाहावें, तसेंच हें. बुडें एका पातळीवर असतील तर चिंता नाहीं. कांहीं वेळ वाढून मग स्थिरावलीं तर तो बहुधा सांठवण करणारा एकादा भाग असतो, आणि तो आपली मर्यादा ओळखतो. पण बुडेंच जर पायरीपायरीनें वर चढत असतील, तर गळती आहे यांत शंका नाहीं. आमच्या आलेखांत बुडें चढत होतीं.

मग बारांतला अपराधी कोण? चालत्या रुग्णालयावर प्रयोग करणें योग्य नव्हतें. म्हणून सर्व्हरची हुबेहूब प्रतिकृति दुसऱ्या यंत्रावर उभी केली, आणि दिवसभरांत जितके लोक येतात तितके खोटे लोक तिच्यावर दोन तासांत आणून सोडले. मग अर्धे प्लग-इन काढले. गळती थांबली. म्हणजे अपराधी काढलेल्या सहांत असावा. पडताळा म्हणून ते सहा परत घातले आणि उरलेले सहा काढले. गळती याहि वेळीं थांबली! एक चोर दोन्ही घरांत कसा असेल? त्या संध्याकाळीं आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलों. मग उमगलें, कीं चोर एक नव्हेच. हा दोघांच्या संगतीनें होणारा प्रकार आहे. एक गेला कीं दुसरा निरुपद्रवी होतो.

तेव्हां मेमरीचीं सबंध छायाचित्रें घेण्याचें ठरविलें. अशा छायाचित्रास हीप-डंप म्हणतात. त्या क्षणीं मेमरींत जी जी वस्तु आहे, आणि तिला कोणी धरलें आहे, तें सारें त्यांत उतरतें. तें घेतांना सर्व्हर थोडा वेळ थबकतो, आणि चालत्या सर्व्हरच्या छायाचित्रांत रुग्णांचीं नांवें आणि रोगहि जसेच्या तसे असतात. म्हणून तें कोणाच्याहि हातीं पडूं देऊं नये. आमची प्रतिकृति असल्यानें आम्हीं खोटींच नांवें वापरलीं होतीं. एक छायाचित्र आरंभीं, एक दोन तासांनीं, अशीं दोन घेऊन ताडून पाहिलीं. सर्वांत वाढलेली वस्तु कोणती? साधीं अक्षरें: नांवें, पत्ते, अहवालांतलीं वाक्यें. येथें पुष्कळ लोक फसतात आणि अक्षरांनाच दोषी धरतात. पण तीं बिचारीं कोंडलेलीं आहेत, कोंडणारीं नव्हेत. विचारावयाचें तें असें: हीं अक्षरें कोणी धरलीं आहेत? अहवालांनीं. अहवाल कोणी धरले? डॉक्टरांच्या एकेका बैठकीनें. बैठक कोणी धरली? एका यादीनें. यादी कोणाची? निरोप धाडणाऱ्या प्लग-इनची. साखळीची शेवटची कडी हातीं आली.

त्या प्लग-इनचें काम सोपें होतें. डॉक्टर संगणकावर आले कीं तो त्यांचें नांव यादींत घेई, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल तयार होतांच त्यांच्या पडद्यावर सूचना देतां यावी. डॉक्टर गेले कीं नांव खोडावयाचें. आणि तो तें खोडतहि असे! मात्र "डॉक्टर गेले" हें त्याला सांगे प्रवेश देणारा दुसरा प्लग-इन. त्या दुसऱ्याची नवी आवृत्ति आठ-नऊ महिन्यांपूर्वीं बसविली होती. जुनी आवृत्ति दोन्ही वेळां वर्दी देई: कोणी बाहेर पडण्याची कळ दाबली तरी, आणि बराच वेळ हालचाल न झाल्यामुळें बैठक आपोआप संपली तरी. नवी आवृत्ति फक्त कळ दाबल्यावर वर्दी देई. ज्यांनीं ती तपासली ते सभ्य लोक; ते प्रत्येक वेळीं कळ दाबून बाहेर पडत. रुग्णालयांतला डॉक्टर मात्र हांक आली कीं खुर्ची सरकवून तसाच धांवतो. दिवसांत सुमारें सातशें बैठका अशा अर्धवट सुटत आणि प्रत्येक बैठक सरासरीं तीन मेगाबाइटचें सामान घेऊन त्या यादींत बसून राही. सातशें गुणिले तीन. वहींतल्या आंकड्यांशीं ताडून पाहा.

दुरुस्ती दहा ओळींची होती. बैठक कशीहि संपली तरी वर्दी द्यावी, ही एक. आणि निरोप्यानें नांव धरावें तें सैल हातानें धरावें, म्हणजे बाकी सर्वांनीं सोडल्यावर झाडूवाल्याला तें नेतां यावें, ही दुसरी. पण दुरुस्तीनंतर गळती थांबली, एवढ्यावर आम्हीं समाधान मानलें नाहीं. प्रतिकृतीवर जुने भाग पुन्हां बसविले. गळती परत आली. नवे बसविले, गेली. दोष काढतां आला आणि मागवितांहि आला, तेव्हांच तो आपल्याला कळला असें म्हणावें. मग पहाटेचें बंद करणें थांबविलें. पुढले दोन आठवडे त्या तरुणानें वहींत आंकडे लिहिले, आणि ते एका रेषेंत राहिले. नोटीस मागें घेतली गेली. ती वही मात्र आतां रुग्णालयाच्या यंत्रविभागांत टेबलावर असते, आणि प्रत्येक पाळीचा मनुष्य तींत लिहितो.

या हकीकतींतून मला जें शिकावयास मिळालें तें असें. पहाटेचें तें पुन्हां सुरू करणें हें पाप नव्हतें. रक्तस्राव होत असतांना पट्टी बांधावीच लागते. चूक होती ती पट्टीलाच उपचार समजण्याची, आणि तीहि एकट्या त्या तरुणाची नव्हती. आठ महिने सर्व्हर रोज रात्रीं आजारी पडत होता आणि रोज सकाळीं सर्वांना धडधाकट दिसत होता, म्हणून वरच्या कोणी "कां?" असें विचारलेंच नाहीं.

अशा गळतीचे आणखीहि प्रकार आहेत. टॉमकॅट हा जावाचा प्रसिद्ध सर्व्हर आहे. त्यावर चालणारा एकादा भाग, सर्व्हर न थांबवितां, काढून त्याची नवी आवृत्ति बसवितां येते. पण जुन्या भागाची एकच लहानशी वस्तु सर्व्हरच्या हातांत राहिली, तर ती वस्तु आपल्या जातीला धरते, जात आपल्या सर्व आज्ञावलीला धरते, आणि एका वस्तूपायीं सबंध जुनें बिऱ्हाड सामानासह आंत राहतें. जुना भाडेकरू गेला, नवा आला. पण जुन्याचें सामान खोलींतच! असें कांहीं वेळां झालें कीं जागा संपे. २०१४ सालच्या जावाच्या आठव्या आवृत्तीनें ही जागा ठेवण्याची पद्धत बदलली आणि तिची ठराविक मर्यादा काढून टाकली. त्यामुळें जुनी तक्रार त्या नांवानें ऐकूं येईनाशी झाली. पण सामान न नेण्याची खोड त्यानें सुटत नाहीं. तळघर मोठें केलें म्हणजे अडगळ कमी होत नाहीं.

आणि ही खोड केवळ लहानांनाच जडते असें नाहीं. २२ ऑक्टोबर २०१२ रोजीं ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियांतील संगणक-केंद्रांत असाच प्रकार घडला, आणि त्यावर विसंबलेलीं अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें अडकून पडलीं. कंपनीनेंच मागाहून कारण प्रसिद्ध केलें. माहिती सांठविणाऱ्या यंत्रांवर एक लहानसा मदतनीस प्रोग्रॅम असे. यंत्राचें क्षेमकुशल दुसऱ्या एका सर्व्हरला कळवीत राहणें, एवढेंच त्याचें काम. तो दुसरा सर्व्हर बिघडला म्हणून बदलला. पण नवा पत्ता सर्वांपर्यंत पोंचला नाहीं. कांहीं मदतनीस जुनेंच दार ठोठावीत राहिले, आणि प्रत्येक ठोठावणीला थोडी मेमरी गळूं लागली. हा दोष त्यांच्यांत आधींपासून झोंपलेला होता. दार उघडेना, तेव्हां तो जागा झाला. धोक्याची घंटाहि वाजली नाहीं, कारण तीं यंत्रें एरवींहि आपली सर्व मेमरी कामांत गुंतवीत. एकूण बेरजेवरून कांहीं कळण्यासारखें नव्हतें. प्रकृति पाहावयास ठेवलेल्या पहारेकऱ्यानेंच घर आजारी पाडलें, असा हा प्रकार.

म्हणून या विद्येंतले जाणते लोक तीन गोष्टी सांगतात. घराचें एकच मीटर न ठेवतां, जमेल तेथें प्रत्येक बिऱ्हाडाला निराळें मीटर आणि निराळी मर्यादा द्यावी. जो भाग कांहीं उघडतो, नोंदवितो किंवा धरतो, त्यानेंच तें मिटण्याची, खोडण्याची, सोडण्याची वाट आधीं बांधावी. आणि ती वाट केवळ सरळ जाणाऱ्यासाठीं नव्हे, मध्येंच उठून धांवणाऱ्यासाठींहि असावी. आणि तिसरी गोष्ट: आंकडे लिहून ठेवावेत. कांहीं बिघडलें नसतांना लिहिलेले आंकडे बिघाडाच्या दिवशीं बोलूं लागतात.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एकादा तरुण मुलगा किंवा मुलगी या धंद्यांत असेल. रात्रीं उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून तीं काय शोधीत असतात, असा प्रश्न आपल्याला पडत असेल. पुष्कळदां तीं हेंच शोधीत असतात: कोणी काय घेतलें, आणि तें परत कां केलें नाहीं. जेवण गार होतें आहे म्हणून आपण हांक मारतां आणि उत्तर येतें, "पांच मिनिटांत आलें." त्यांना हांक जरूर मारावी. पण उठण्यापूर्वीं तीं एका वहींत आंकडा लिहीत असतील, तर तेवढें लिहून होऊं द्यावें.